तीन हुकूम कळणारा टेबललॅम्प

‘दिवा लाव’ आणि ‘टीव्ही लाव’ हे दोन हुकूम पंखा पाचावर फिरत असताना, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, तोंडात घास घेऊन म्हणून बघा. घरातल्या माणसाला फरक कळतो, कारण टीव्ही आधीच चालू आहे हे त्याला दिसतं आणि तुम्ही कुठे बघून बोलताय तेही दिसतं. टेबलावरच्या चिपपर्यंत यातलं काहीच पोचत नाही, पोचतो फक्त आवाज. बोलून लागणारा दिवा घरी बनवायचा म्हटलं की बहुतेक जण बोर्ड कुठला घ्यायचा इथून सुरुवात करतात. माझ्या मते बोर्ड हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. आपल्या घरात दिवसभर काय काय बोललं जातं आणि त्यातून दिव्यासाठी कोणते शब्द मोकळे राहतात, सुरुवात तिथून करावी.

डोळ्यांसमोर बेव्हर्ली पार्कमधल्या एखाद्या इमारतीतला हॉल ठेवू. मीरा रोड पूर्वेची बेताची खोली, खाली टाइल्स, भिंती बऱ्याचशा मोकळ्या, त्यामुळे आवाज घुमतो. डोक्यावर पंखा, आत मिक्सर, बाहेर मीरा-भाईंदर रस्त्याची वर्दळ. एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, हिंदी, कोकणी अशा भाषा सहज सापडतात आणि संध्याकाळी त्या सगळ्या आपापल्या टीव्हीसकट दाराखालून आत येतात. अशा खोलीत, इंटरनेट न वापरता, तीन मराठी हुकूम ओळखणारा दिवा बनवायचा आहे. खर्च साधारण दीड-दोन हजार रुपये. सोल्डरिंग आणि थोडंफार आर्डुइनो येत असेल तर तेवढं पुरे.

इंटरनेट न वापरता का? गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येते, स्मार्ट बल्बही मिळतात, आणि ते वापरण्यात गैर काही नाही. पण तिथे तुमचं वाक्य दूरच्या सर्व्हरवर जातं, तिथे समजून घेतलं जातं आणि मग बल्ब लागतो. पावसात केबलवाल्याची लाइन गेली की हा प्रवास थांबतो. शिवाय बैठकीच्या खोलीत सतत कान लावून बसलेलं यंत्र बाहेरच्या जगाशी जोडलेलं असावं का, हा प्रश्न उरतोच. आपल्या दिव्यात ऐकणं, ओळखणं आणि विसरणं हे सगळं एकाच चिपवर होतं. वाय-फाय तर प्रोग्राममधूनच बंद ठेवायचं. पाहुण्यांना खात्री पटवायची असेल तर राउटरचा प्लग काढा आणि दिव्याला हुकूम द्या.

शब्द निवडताना

चिपला वाक्याचा अर्थ कळत नाही. सुमारे एक सेकंदाचा आवाज घेऊन तो शिकवलेल्या आवाजांपैकी कशासारखा आहे, एवढंच ती सांगते. म्हणून शब्द असे हवेत की जे लांबून ऐकूनही एकमेकांत मिसळणार नाहीत आणि रोजच्या गप्पांत येणार नाहीत.

‘बंद’ इथेच बाद होतो. पंखा बंद कर, गॅस बंद कर, दार बंद कर, तोंड बंद कर. दिवा वेडा होईल. हिंदी मालिकेतही हा शब्द तितकाच चालतो. उजेड कमी करायला ‘जरा मंद’ हा हुकूम गोड वाटतो, पण ‘मंद’ आणि ‘बंद’ यांत फरक फक्त पहिल्या ओठांच्या व्यंजनाचा आहे. तीन मीटरवरून, पंख्याच्या आवाजात, तो फरक जवळजवळ पुसला जातो. ‘उजेड पाड’ सुचेल कोणाला, तर घरात शाळकरी मूल असल्यास विचार बदला. निकालाच्या दिवशी ‘काय उजेड पाडलास’ म्हटलं की दिवा लागायचा. ‘प्रकाश’ घेऊ नये, कारण त्या नावाचे एखादे काका असतातच.

व्यंजनं लांबवर पोचत नाहीत, स्वर पोचतात. म्हणून हुकुमात तीन-चार अक्षरं आणि एखाद-दुसरा ठळक स्वर असावा. बोलायला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त आणि एका सेकंदापेक्षा कमी वेळ लागावा. या सगळ्या चाळणीतून मी सुचवीन ते तीन हुकूम असे: लावायला ‘उजेड कर’, बंद करायला ‘दिवा मालव’, आणि झोपताना ‘नाइट लॅम्प’. तिन्हींची सुरुवात वेगळी, शेवट वेगळा. ‘मालव’ आता बोलण्यात फारसा येत नाही, हाच त्याचा फायदा. फक्त आपल्या पश्चिम रेल्वेवर मालाडची मालवणी आहे, आणि घरात मालवणी मसाला नसेल असं कोकणी घर नाही, तेव्हा हे शब्द पुढे ‘इतर बोलणं’ या, हुकूम नसलेल्या गटात मुद्दाम घालायचे आहेत.

घरात वेगळा शब्द रूढ असेल तर तोच घ्या. आजी ‘बत्ती’ म्हणत असेल तर तिला सत्तराव्या वर्षी ‘उजेड कर’ शिकवण्यापेक्षा चिपला ‘बत्ती’ शिकवणं सोपं. मात्र तीनपेक्षा जास्त हुकूम पहिल्या खेपेला नकोत. रंग बदल, टायमर लाव, गाणं वाज, हे मोह नंतरचे.

खरेदी

मीरा रोडहून लोकलने ग्रँट रोडला उतरा. पूर्वेला पाच-दहा मिनिटांवर लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रविवार टाळा, त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात. तेवढा प्रवास नको असेल तर पुण्याच्या रोबू डॉट इनसारख्या ठिकाणाहून सामान घरपोच येतं, पण सुट्या भागांची ओळख हवी असेल तर लॅमिंग्टन रोडला एकदा जाऊन यावं.

मेंदू म्हणून ईएसपी३२-एस३ हा बोर्ड घ्या. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २४० मेगाहर्ट्झवर चालते, तिला दोन कोअर आहेत, ५१२ किलोबाइट आतली मेमरी आहे, आणि आपल्या कामाचं म्हणजे न्यूरल नेटवर्कमधले गुणाकार झटपट करणाऱ्या खास सूचना तिच्यात आहेत. नुसता ईएसपी३२ स्वस्त पडतो, पण त्यात या सूचना नाहीत; शंभर-दोनशे रुपयांसाठी तो घेऊ नका. बोर्डावर एन१६आर८ असं लिहिलेलं असेल तर १६ मेगाबाइट फ्लॅश आणि ८ मेगाबाइट जादा रॅम. या प्रकारात ३५, ३६ आणि ३७ क्रमांकाच्या पिना ती रॅमच वापरते, त्यांना वायर जोडायची नाही.

माइक आयएनएमपी४४१. हा आकड्यांतच बोलतो, त्यामुळे ॲम्प्लिफायर लागत नाही. बारीकशा गोल पट्टीवर तो येतो. यात आवाज आत जायचं भोक चंदेरी डबीच्या बाजूला नसून पट्टीच्या उलट बाजूला असतं. ते शोधून ठेवा. ग्लू गनचा एक थेंब त्यावर पडला तर दिवा कायमचा बहिरा.

उजेडासाठी ५ व्होल्टची, पिवळसर पांढरी, एकरंगी एलईडी पट्टी अर्धा मीटर पुरे. ती चालू-बंद करायला मॉसफेट लागतो, आणि इथे एका अक्षराचा घोळ आहे. आयआरएलझेड४४एन मागा. काउंटरवर घाई असली की आयआरएफझेड४४एन हातात येतो. दिसायला दोन्ही जुळे भाऊ, पण ‘एफ’वाल्याला पुरता उघडायला दहा व्होल्टच्या आसपास लागतात आणि आपली चिप देते ३.३. मग पट्टी मिणमिणते किंवा लागतच नाही. ‘एल’वाला आपल्या एवढ्याशा करंटसाठी ३.३ व्होल्टवर चालून जातो.

बाकी किरकोळ: २२० ओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, ०.१ मायक्रोफॅरडचे एक-दोन, एक पुश बटण, झिरो पीसीबी, आणि ५ व्होल्ट २ अँपिअरचा, बीआयएसचं चिन्ह असलेला मोबाइल ॲडॅप्टर. शेवटच्या वस्तूवर पैसे वाचवू नका. २३० व्होल्ट आणि तुमचं बोट यांच्यामध्ये तीच एक वस्तू उभी आहे.

याच कारणासाठी या लेखात २३० व्होल्ट चालू-बंद करणारा रिले नाही. छताची ट्यूब आवाजावर लावणं शक्य आहे, पण त्यासाठी घरच्या लाइनला हात घालावा लागतो आणि ते काम परवानाधारक वायरमनचं आहे. जुना टेबललॅम्प वापरणार असाल तर त्याचा होल्डर आणि वायर पूर्ण काढून टाका, नुसता सांगाडा घ्या. बुरुडाकडची बांबूची टोपली उलटी घालून तिच्यात पट्टी लावली तर उजेड सुरेख गाळून येतो, आणि टोपली आवाजही अडवत नाही.

जोडणी

माइकची व्हीडीडी पिन ३.३ व्होल्टला, जीएनडी आणि एल/आर या दोन्ही जमिनीला म्हणजे बोर्डाच्या जीएनडीला. एससीके पिन बोर्डाच्या ४ला, डब्ल्यूएस ५ला, एसडी ६ला. या वायरी दहा-पंधरा सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत. माइकच्या व्हीडीडी आणि जीएनडीमध्ये ०.१चा कपॅसिटर अगदी जवळ.

मॉसफेट छापील बाजूने समोर धरला की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. बोर्डाची ७वी पिन २२० ओहममधून गेटला. गेट आणि सोर्समध्ये १० किलोओहम, नाहीतर बोर्ड सुरू होताना दिवा लुकलुकतो. सोर्स जीएनडीला, ड्रेन पट्टीच्या उणे टोकाला, पट्टीचं अधिक टोक थेट ॲडॅप्टरच्या ५ व्होल्टला. पट्टीचा करंट बोर्डातून न्यायचा नाही. मोठा कपॅसिटर पट्टीच्या दोन टोकांत, अधिक-उणे बघून. पुश बटण १५व्या पिनेवर. बोलून लागणाऱ्या दिव्यालाही हाताने लावायचं बटण हवंच. घसा बसलेल्या माणसाने काय करायचं? बोर्डालाही ॲडॅप्टरचेच ५ व्होल्ट आणि जीएनडी द्या, पण तो संगणकाला जोडलेला असताना ॲडॅप्टरची ५ व्होल्टची वायर बोर्डापासून सोडवून ठेवा, जीएनडी मात्र एकच राहू द्या.

ब्रेडबोर्डवर चालून बघा, पण तिथेच सोडू नका. मीरा-भाईंदरला एका अंगाला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. इथली हवा दमट आणि खारट आहे. टोचून बसवलेल्या वायरींचे संपर्क पावसाळ्यात काळवंडतात आणि मग दिवा कधी ऐकतो, कधी नाही. दोष आवाज ओळखणाऱ्या मॉडेलला दिला जातो. झिरो पीसीबीवर डाग देऊन पक्कं करा.

उजेड कमी-जास्त करायला बोर्ड पट्टी सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद करतो. ५ किलोहर्ट्झ आणि १२ बिट अशी रचना ठेवा. आपल्या डोळ्याला निम्मा करंट निम्मा उजेड वाटत नाही, त्याहून खूप जास्त वाटतो. ‘नाइट लॅम्प’साठी ३ ते ५ टक्के पुरतात. वीज जाऊन आली की दिवा बंदच राहावा, असं लिहून ठेवा. पहाटे तीनला अदानीची वीज परतल्यावर सगळं घर उजळून निघणं कोणाला आवडणार नाही.

आवाज गोळा करणं

आता खरं काम. एस्प्रेसिफने तयार आवाज-ओळख दिलेली आहे, पण ती चिनी आणि इंग्रजीसाठी. गूगलच्या पीट वॉर्डन यांनी २०१७मध्ये अशा छोट्या उपकरणांसाठी सुट्या शब्दांचा खुला संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ३५ शब्दांचे १,०५,८२९ उच्चार आहेत, सगळे इंग्रजी. ते स्टुडिओत केलेले नाहीत. लोकांनी आपापल्या घरून, साध्या फोन-लॅपटॉपच्या माइकवर बोलून पाठवले, आणि संग्रह करणाऱ्यांना तेच हवं होतं. मराठीतही याच जातीचा एक मोठा प्रयोग झालेला आहे. २०१०च्या सुमारास आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शेतमालाचे बाजारभाव फोनवर बोलून विचारता यावेत म्हणून मराठी आवाज-ओळख उभारली. त्यासाठी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज मोबाइलवर घेतले, कारण शेतकरी विचारणार होता तो शेतातून, बाजारातून, मोबाइलवरून. ज्या जागी, ज्या यंत्रावर, ज्या माणसांनी वापरायचं, तिथेच, त्याच यंत्रावर, त्याच माणसांचा आवाज घ्यायचा. आपल्या हॉललाही हाच नियम.

म्हणून फोनवर रेकॉर्ड करू नका. फोन आवाज स्वतःच साफ करतो, पातळी वर-खाली करतो, दाबून साठवतो. मॉडेल त्या गुळगुळीत आवाजावर शिकलं की आपला कच्चा माइक त्याला परका वाटतो. बोर्डालाच रेकॉर्डर बनवा. सेकंदाला १६,००० मोजमापं, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे सेकंदाला ३२,००० बाइट. सीरियल वायरीने ते संगणकाकडे पाठवताना ११५२०० हा नेहमीचा वेग कमी पडतो, त्यातून सेकंदाला साडेअकरा हजार बाइटच जातात, ९२१६०० ठेवा. माइक २४ बिटांचा आकडा ३२ बिटांच्या खोक्यात देतो, तो १६ बिटांत आणायला उजवीकडे सरकवावा लागतो. किती सरकवायचा हे आवाजाची पातळी बघून एकदा ठरवा, ११ ते १४ घरांच्या दरम्यान. पुढे तो आकडा बदललात तर रेकॉर्डिंग पहिल्यापासून.

माणसं किती? बारा जण मिळाले, प्रत्येकाने तीन हुकूम वीस-वीस वेळा म्हटले, तर ७२० क्लिपा होतात. म्हणजे जेमतेम बारा मिनिटांचा आवाज, पण सुरुवातीला पुरतो. घरातले सगळे, शिवाय सोसायटीतले काही. त्यांना विचारून, कशासाठी ते सांगून, आणि काम झाल्यावर फाइली पुसणार असाल तर खरंच पुसून. मुलांचे आवाज आईवडिलांसमोर घ्या. मुलांचा स्वर उंच असतो. तो मॉडेलने ऐकलेला नसेल तर ती कितीही ओरडली तरी दिवा ढिम्म.

वीस वेळा सलग म्हणायला लावलं की दहाव्या खेपेपासून माणूस हजेरी दिल्यासारखं म्हणतो. तसं खऱ्या आयुष्यात कोणी बोलत नाही. पाच-पाचचे तुकडे करा, आणि प्रत्येक हुकूम त्याच्या जागी म्हणायला लावा. ‘उजेड कर’ माणूस दारातून आत येताना, हातात पिशव्या असताना म्हणतो, थोडा मोठ्याने. ‘नाइट लॅम्प’ आडवं पडून, उशीत अर्धं तोंड, हळू आवाजात. ‘दिवा मालव’ म्हणताना दिवा चालू असतो हे लक्षात घ्या: पट्टी वेगाने चालू-बंद होत असते आणि तिची बारीक कुरकुर पुरवठ्यातून माइकपर्यंत पोचू शकते. दिवा बंद ठेवून सगळी रेकॉर्डिंग केली, तर लावायचा हुकूम नीट चालतो आणि मालवायचा चालत नाही, असं कोडं पडतं. म्हणून ‘दिवा मालव’ची निम्मी रेकॉर्डिंग पूर्ण उजेडात आणि निम्मी मंद उजेडात करा.

हुकुमांइतकीच महत्त्वाची दोन ताटं बाकीच्या आवाजांची वाढायची आहेत. एक, इतर बोलणं. घरातल्या गप्पा, मराठी-हिंदी-गुजराती वाहिन्या, फोनवरचं बोलणं, आणि मुद्दाम घेतलेले फसवे शब्द: दिवाळी, देवा, मालवण, मालवणी, मालिका, टीव्ही लाव, पंखा लाव, उजवीकडे, उद्या कर. ‘उद्या कर’ विसरू नका, ‘उजेड कर’चा तो सख्खा शेजारी आहे. दोन, खोलीचा आवाज. पंखा रेग्युलेटरच्या प्रत्येक घरावर, मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, एक्झॉस्ट, रस्ता, आणि नुसती शांतता. प्रत्येकी वीस-तीस मिनिटं तरी हवीत. जुलैत खिडकीच्या पत्र्यावर पडणारा पाऊस, गणपतीतले ढोल-ताशे आणि नवरात्रातला गरबा हे आवाज ज्या त्या वेळीच मिळतील. तेव्हा दहा-दहा मिनिटं टिपून ठेवा.

रेकॉर्डिंग करताना दिवा त्याच्या नेहमीच्या जागेवर असू द्या. भिंतीला टेकलेला माइक आणि टेबलाच्या मध्यावरचा माइक एकच खोली वेगळी ऐकतात. माइकचं भोक लॅम्पच्या बैठकीत बाहेरच्या बाजूला, दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रामागे, आणि बैठकीखाली रबराचे पाय, म्हणजे टेबलावर ठेवलेला पेला माइकच्या कानात वाजणार नाही.

शिकवणी

लांब फाइली कापून एकेका सेकंदाच्या क्लिपा करा. शब्द दर वेळी बरोबर मध्यभागी नको. कधी थोडा आधी, कधी थोडा नंतर, कारण चिप ऐकेल तेव्हा तो कुठेही पडेल.

एका सेकंदातले १६,००० आकडे जसेच्या तसे मॉडेलला देत नाहीत. ३० मिलिसेकंदांची खिडकी २० मिलिसेकंदांनी पुढे सरकवत न्यायची, प्रत्येक खिडकीत कोणत्या पट्टीत किती जोर आहे ते ४० आकड्यांत लिहायचं. अशा ४९ खिडक्या होतात, म्हणजे १,९६० आकड्यांचं एक छोटं चित्र. हे चित्र ओळखायला लहानसं कन्व्होल्यूशनल नेटवर्क पुरतं. शिकवून झाल्यावर त्यातले दशांश आकडे ८ बिटांच्या पूर्णांकांत बसवले की सगळा मेंदू थोड्याच किलोबाइटांत मावतो. हे तंत्र टायनीएमएल या नावाने ओळखलं जातं. वॉर्डन आणि डॅनियल सिटुनायाके यांचं त्याच नावाचं पुस्तक २०१९चं आहे, मूळ समजून घ्यायचं असेल तर तिथून.

शिकवायला दोन वाटा. एज इम्पल्स या संकेतस्थळावर क्लिपा चढवल्या की माऊसच्या क्लिकांवर मॉडेल तयार होतं आणि आर्डुइनोची लायब्ररी म्हणून उतरवून घेता येतं. सोपी वाट, पण मग सोसायटीभरचे आवाज दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातात. बारा जणांना ‘काही बाहेर जात नाही’ असं सांगितलं असेल तर हे चालणार नाही. दुसरी वाट, स्वतःच्या लॅपटॉपवर पायथन आणि टेन्सरफ्लो. शिकायला एक-दोन रविवार जातील, पण मॉडेल इतकं लहान आहे की साध्या लॅपटॉपवरही फार वेळ लागत नाही. माझा कौल दुसऱ्या वाटेला. व्हिस्परसारखी आवाज-ओळखीची मोठी मॉडेलं मराठी जाणतात, पण या चिपवर ती मावत नाहीत आणि त्यांच्या लहान आवृत्त्या मराठीत अडखळतात. तीन हुकुमांसाठी तो खटाटोप कशाला?

एक गोष्ट मात्र कटाक्षाने. बारापैकी दोन माणसं पूर्ण बाजूला ठेवा, त्यांची एकही क्लिप शिकवणीत नको. परीक्षा फक्त त्यांच्या आवाजावर. एकाच माणसाच्या वीसपैकी सोळा क्लिपा शिकवणीत आणि चार परीक्षेत घातल्या, तर मॉडेल माणूस ओळखतं आणि तुम्हाला वाटतं शब्द ओळखला.

पडद्यावर ९९ टक्के दिसले तरी हुरळून जाऊ नका. चिप पाव-पाव सेकंदाने ऐकते, म्हणजे तासाला १४,४०० निर्णय. त्यातला एक टक्का चुकला तर १४४ वेळा दिवा आपणहून लागेल-मालवेल. म्हणून एकाच निर्णयावर हलायचं नाही. लागोपाठच्या दोन निर्णयांची सरासरी घ्या, ती ०.८च्या वर गेली तरच हुकूम माना, आणि हुकूम मानल्यावर दोन सेकंद कान बंद. ‘उजेड कर’साठी रात्री बारानंतर हा उंबरठा ०.९ करता येतो. वाय-फाय नसल्यामुळे चिपला घड्याळ कळत नाही. त्यासाठी ‘नाइट लॅम्प’ म्हटल्यापासूनचे सात तास धरा.

परीक्षा दोन आकड्यांत मोजा. संध्याकाळी सात ते अकरा टीव्ही आणि घर नेहमीसारखं चालू द्या, दिवा किती वेळा उगाच हलला ते लिहा. आणि दोन-तीन मीटरवरून वीस वेळा हुकूम द्या, किती ऐकले ते लिहा. संध्याकाळभरात एकापेक्षा जास्त चूक नसावी आणि वीसपैकी अठरा तरी ऐकावेत. चुका जास्त असतील तर उंबरठा वर नेण्याआधी चुकीच्या वेळी काय बोललं जात होतं ते बघा. प्रोग्राममध्ये सीरियल वायरीवर शब्द, गुण आणि वेळ छापायची सोय ठेवा. बहुतेक वेळा दोन-तीनच वाक्यं पुन्हापुन्हा दगा देत असतात. ती वाक्यं घरातल्या चार जणांकडून म्हणून घ्या, ‘इतर बोलणं’ या गटात टाका, पुन्हा शिकवा.

ऐकत नसेल तर आधी कोणाचं ऐकत नाही ते शोधा. सगळ्यांचं ऐकत नसेल तर वायर, माइकचं भोक किंवा पातळी. एकाच माणसाचं ऐकत नसेल तर त्याचे वीस-तीस उच्चार वाढवा. गावाहून महिनाभर राहायला आलेल्या आत्यासाठीही हे करावं; मॉडेल पुन्हा शिकवून बोर्डावर चढवणं एका संध्याकाळचं काम आहे. नवीन चढवण्याआधी जुन्या मॉडेलची फाइल तारीख घालून ठेवा, कारण नवं प्रत्येक वेळी जुन्यापेक्षा चांगलं निघतंच असं नाही.

पावसाळ्यात वीज गेल्यावरही दिवा हवा असेल तर ॲडॅप्टरऐवजी पॉवर बँक लावून बघा. दिवा मालवलेला असताना करंट इतका कमी होतो की बऱ्याच पॉवर बँका ‘काही जोडलेलं नाही’ समजून स्वतःच बंद पडतात. विकत घेण्याआधी दुकानातच बोर्ड जोडून, पट्टी बंद ठेवून, पाच मिनिटं थांबून बघा.